मोजायची जागा

ट्रॉय, मिशिगन
११ मे

नकुल,

तू माझे फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण तिसरीपर्यंत तू पुण्यात शिकलास आणि तुला वाचता येतं, फक्त सावकाश वाचावं लागतं. सावकाशच वाच. शिवाय हे पत्र तुझ्या गॅरेजमध्ये पडून राहिलं तरी तिथल्या दुसऱ्या कुणाला कळणार नाही, आणि यातलं दुसऱ्या कुणाला कळून चालणार नाही.

तू कंपनीतली नोकरी सोडलीस तेव्हा मी जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तो विषय आज नाही.

काल तुझे बाबा तुझ्याकडून हसत घरी आले. चहा होईपर्यंत हसत होते. म्हणाले, "अगं, तुझ्या लेकानं काय डोकं लढवलंय, ऐक तरी." आणि त्यांनी मला पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. शर्यतीच्या गाडीत तुझ्या धाकट्या बहिणीच्या, आन्याच्या डोक्याभोवती असतो त्या पिंजऱ्याची. त्यांना त्यात हसण्यासारखं काय दिसलं ते मला अजून समजलेलं नाही.

मी नीट समजून घेतलं का ते तूच तपास. गाडी पलटी झाली तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. नळीचा पत्रा किती जाड असावा हे तुमच्या क्लबच्या नियमात आहे. ती जाडी मोजायला इन्स्पेक्टर ड्रिलने एक बारीक भोक पाडतो आणि आत तारेचं माप घालतो. भोक कुठे पाडायचं हेही नियमातच आहे: ड्रायव्हरच्या मागच्या डाव्या खांबाला, कोपराच्या उंचीवर. तू तेवढ्या जागी वीतभर जाड नळी जोडलीस, सांधा घासलास, रंग दिलास. बाकीचा पिंजरा पातळ नळीचा. वरचं वजन कमी झालं की वळणावर गाडी कमी कलते. मला कळतं ते, शिकवू नकोस.

जुन्या मेकॅनिकांच्या गोष्टी तू शाळेत असल्यापासून जेवताना आम्हाला सांगायचास. नियमात टाकी किती मोठी ते होतं, पेट्रोलची नळी किती जाड ते नव्हतं, म्हणून कुणी हाताएवढी नळी गाडीभर फिरवून तिच्यात जास्तीचं पेट्रोल भरलं. कुणी टाकीत चेंडू फुगवून ठेवला आणि मोजणी झाल्यावर हवा सोडली. कुणी चौकटीत शिशाच्या गोळ्या भरून वजन दाखवलं आणि पहिल्याच फेरीत त्या रस्त्यावर सांडल्या. मीही हसले आहे. पण त्यांतल्या कुठल्याही गोष्टीत ड्रायव्हरच्या डोक्यावरचं लोखंड कमी केलेलं नव्हतं. निदान तू सांगितलेल्या गोष्टींत तरी नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत मी मोटारींच्या सीटचे सांगाडे तपासणीसाठी मोडून बघत होते. पातळ नळी हळूहळू हार मानत नाही. सुरकुती पडली की तिथेच चपटी होते, आणि त्यानंतर तिच्यात काहीही राहत नाही.

पुढच्या शर्यतीआधी पिंजरा बदल.

आई


२ जून

नकुल,

तुझा मेसेज मिळाला. "चिल, आई. केज इज फाइन. सीझन संपला की कापतो, प्रॉमिस." पत्राला मेसेजनं उत्तर देतात हे मला नवीन आहे.

सीझन संपला की का, तेही आता मला ठाऊक झालं. ऑक्टोबरमध्ये क्लबचं जेवण असतं. त्या दिवशी प्रत्येक मेकॅनिक उभा राहून आपण वर्षभर काय लबाडी केली ते सांगतो, कुणालाही शिक्षा होत नाही, आणि न पकडल्या गेलेल्या सर्वांत हुशार लबाडीला चषक मिळतो. इन्स्पेक्टरही टाळ्या वाजवतो म्हणे. म्हणजे तो चषक हातात येईपर्यंत तुला तो पिंजरा तसाच ठेवायचा आहे.

आन्या काल आली होती. क्लिनिकमधून थेट आली, अंगाला कुत्र्यांचा वास, आणि उभ्यानंच पोहे खाल्ले. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला माहीत नसेल.

"मॉम, आय नो. दादानं मला दाखवलंय."

"आणि तरी त्यात बसतेस?"

"सो? आय-सेव्हन्टी-फाइव्ह हायवेवर लोक यापेक्षा फास्ट जातात. विथ कॉफी."

"त्यांच्या गाड्या मी तपासलेल्या असतात."

तिनं बाबांकडे पाहिलं. "बाबा, शी इज गॉना पुट अ रोल केज ऑन द सोफा."

बाबा खो खो हसले. वर म्हणाले, "अगं, तो चोर नाही, कलाकार आहे. तुझ्या त्या कंपनीत पोरगा वाळून गेला असता."

मी म्हटलं, "वाळू दे. वाळलेला मुलगा चालेल मला."

त्यावर आन्यानं जवळ येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. लहानपणापासून तिची ही सवय आहे, काही ऐकायचं नसलं की. म्हणाली, "मॉम, ही इज द बेस्ट. मी फर्स्ट आहे पॉइंट्समध्ये, यू नो दॅट? फॉर वन्स आय ॲम फर्स्ट."

तिला तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून ती मोजत नाही. हे तुला समजावून सांगायची गरज पडू नये.

आई


२४ जून

नकुल,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

मी क्लबकडे लेखी तक्रार केली आहे. निनावी तक्रार ते फेकून देतात, म्हणून नाव घालून, सही करून केली. नियमावली मागवून घेतली, वाचली, कलम नऊ, पिंजरा, असं लिहून त्याखाली तक्रार मांडली.

तुमचा इन्स्पेक्टर वेंडेल याचा फोन आला होता. शाळेत सुतारकाम शिकवायचा म्हणे, बोलण्यावरून सभ्य वाटला. त्यानं विचारलं, "मॅडम, ही तुमचीच मुलं ना?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

आई


९ जुलै

नकुल,

निकाल कळला. तुझ्याकडून नाही, क्लबच्या पत्रातून. कलम नऊनुसार तपासणी, जाडी नियमाप्रमाणे, तक्रार फेटाळली.

कलम नऊमध्ये भोक कुठे पाडायचं ते लिहिलेलं आहे. मी तक्रार कलम नऊखाली केली. त्यामुळे वेंडेलनं कलम नऊ सांगतं तिथेच भोक पाडलं. मी त्याला फोन करून म्हटलं, दोन विती वर पाडा. तो म्हणाला, "मॅडम, नियम जिथे सांगतो तिथे मी मोजतो. मनाला येईल तिथे भोकं पाडत सुटलो तर उद्या कुणी मला गाडीला हात लावू देणार नाही." त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

त्यानंतर चारुताचा फोन आला. तुझी बायको माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेली नाही. काल बोलली.

"आई, त्यानं नवी नळी आणून ठेवली होती. माझ्यासमोर माप घेतलं. चार जुलैच्या सुट्टीत बदलणार होता. तुमचं पहिलं पत्र त्याच्या टूलबॉक्समध्ये आहे, रोज काढून बघायचा. आता काय करणार तो?"

मला कळायला वेळ लागला, म्हणून तिनं नीट समजावून सांगितलं. तक्रार झालेल्या आणि पास झालेल्या गाडीच्या पिंजऱ्यावर, सगळ्या सांध्यांवर, वेंडेल लाल रंगाचं सील मारतो. ऑक्टोबरपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सील तुटलं की गाडी बाद, ड्रायव्हरचे सगळे पॉइंट्स बाद, आणि मेकॅनिकला क्लबमध्ये पुन्हा कधीच पाऊल ठेवता येत नाही. मी नसते तर तू गुपचूप कापून मोकळा झाला असतास.

"तुम्ही दोन आठवडे थांबला असतात तर," ती म्हणाली.

तू मेसेजमध्ये "सीझन संपला की" असं लिहिलं होतंस. मी जे लिहिलेलं असतं त्यावर चालते. मन बदललं हे एका ओळीत आईला कळवायला काय झालं होतं? असो. ते विचारून आता उपयोग नाही.

सील तोड.

तुझं नाव जाईल, आन्याचा पहिला नंबर जाईल. जाऊ दे. ती माझ्यावर चिडेल, तुझ्यावर चिडेल, वर्षभर बोलणार नाही. बोलली नाही तरी चालेल. तुला दुसऱ्या राज्यात काम मिळेल. तुझे हात चांगले आहेत, हे मी याआधी कधी म्हटलं नसेन, आत्ता म्हणते.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की उचलून टीव्हीसमोर जातात.

आई


२८ जुलै

नकुल,

काल मी मिलर्स बेंडच्या ट्रॅकवर शर्यत बघायला आले होते. तू मला पाहिलंस आणि गाडीखाली शिरलास, त्यामुळे तुला माहीत आहेच.

बाबांनी त्यांची घडीची खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले. एवढंच बोलणं आमच्यात झालं. त्यांच्या शेजारच्या जाड्या माणसानं मला विचारलं, "फर्स्ट टाइम?" बाबांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं, "शी इज द ड्रायव्हर्स मदर." आणि चिवड्याचा डबा त्याच्यापुढे केला. त्या माणसानं चिवडा मूठभर घेतला. त्याला सवय दिसली.

सुरुवातीला मला फक्त तो डावा खांब दिसत होता. भोक बुजवून त्यावर लाल ठिपका दिलाय तो. मग गाड्या सुटल्या आणि ठिपका दिसेनासा झाला. आवाज छातीत बसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वळणावर आन्यानं आतल्या बाजूनं एकाला मागे टाकलं. गाडी जराही कलली नाही. तुझं गणित बरोबर होतं. त्या फेरीत मी उभी राहिले होते, ते मला बसताना कळलं.

ती जिंकली. हेल्मेट काढून आधी तुझ्याकडे धावली, मग आमच्याकडे. तिचे केस घामानं डोक्याला चिकटले होते. "मॉम! यू केम!" मी तिला म्हटलं, पाणी पी.

बाबा परतीच्या वाटेवर ड्राइव्ह करत होते. फ्रीवेवर म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग?"

मी पुन्हा लिहिते. सील तोड. काल तिला काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की काल गाडी पलटी झाली नाही.

चारुता म्हणते, तू झोपत नाहीस. सील तोडायचं म्हणून दोनदा करवत हातात घेतलीस आणि दोन्ही वेळा आन्यानं काढून घेतली. "दादा, डोन्ट यू डेअर. ऑक्टोबरपर्यंत." मग तिला गाडीत बसू देऊ नकोस. किल्ली तुझ्याकडे असते.

आई


२० ऑगस्ट

नकुल,

चारुता म्हणते, गाडी पलटी झाली त्या दिवसापासून तू हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून असतोस आणि वर येत नाहीस. म्हणून हे पत्र तिच्या हाती देते आहे.

आन्या शुद्धीवर आहे. मान स्थिर केली आहे. छातीखाली तिला काही कळत नाही. डाव्या हाताचा अंगठा हलतो. डॉक्टर बाई तरुण आहे, स्पष्ट बोलते, मला ती आवडली. बाबांनी तिला विचारलं, "पण सूज उतरल्यावर?" ती म्हणाली, सूज उतरल्यावर चित्र बदलेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं तेच उत्तर पुन्हा दिलं.

बाबा आता माझ्याशी बोलतात. बोलतात म्हणजे, किती वाजले विचारतात.

मी तुझ्या गॅरेजला जाऊन आले. चारुतानं दार उघडून दिलं. गाडीवर ताडपत्री होती. मी ती काढली. मग पुन्हा घातली आणि दोऱ्या बांधल्या.

ये.

आई


३१ ऑगस्ट

नकुल,

तू आला नाहीस. ठीक आहे. आता मी सांगते ते नीट वाच, कारण यातलं काहीही फोनवर बोलायचं नाही.

परवा वेंडेल आला होता. टोपी हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा होता, त्याला आत जायचं नव्हतं. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर भोक पाडायला सांगितलं होतं."

मी म्हटलं, हो.

"गाडी तुमच्या मुलाची आहे. कुटुंबानं परवानगी दिली तरच क्लब पिंजरा कापून बघू शकतो. तुम्ही म्हणाल तर मी उद्या येतो. मला बघायचंय. मला रात्रंदिवस तेच दिसतं." मग म्हणाला, "तसं काही निघालं तर आम्ही नियम बदलू. तीन जागी मोजू. नाही निघालं तर आहे तसं चालू द्यायचं."

माझ्या आयुष्यातली सगळी वर्षं मी या एका वाक्याच्या बाजूनं काम केलं. कापून बघा. काय निघतं ते लिहा. नियम बदला. मी त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला वाटतं, त्यालाही माहीत होतं.

पण त्याच सकाळी आन्यानं मला विचारलं होतं. श्वासाची नळी काढल्यापासून तिचा आवाज फार बारीक येतो, कान जवळ न्यावा लागतो. मला वाटलं, पाणी मागते आहे.

"मॉम. डिड द केज होल्ड?"

पायांचं विचारलं नाही. पुढे काय होणार ते विचारलं नाही. हेच विचारलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं की ती शुद्धीवर आल्यापासून एवढ्याच उत्तराची वाट पाहत पडली आहे. पिंजरा टिकला असेल तर हा शर्यतीतला अपघात आहे, कुणालाही होतो. टिकला नसेल तर तिच्या दादानं हे केलं, आणि तिनं त्याच्या हातातली करवत काढून घेतली होती.

मी म्हटलं, "हो. टिकला. धक्क्यानं मान गेली. जाड नळी असती तरी हेच झालं असतं."

तिनं डोळे मिटले. "आय न्यू इट," म्हणाली. "टेल दादा." मग झोपली. आल्यापासून पहिल्यांदा न कण्हता झोपली.

म्हणून मी वेंडेलला नाही म्हटलं. मी सांगितलं, आम्हाला काही कापायचं नाही, पिंजरा टिकला, मी स्वतः पाहिला आहे, मी इंजिनियर आहे. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तो रडला. माझे आभार मानले त्यानं. आता पुढच्या मोसमात तो त्याच एका जागी भोक पाडेल आणि कुणाचं तरी मूल त्या गाडीत बसेल. हे मला दिसतं आहे. दिसत असूनही मी नाही म्हटलं.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. मी तुला माफ केलेलं नाही आणि करीन असं वाटत नाही. तू माझ्याकडे माफी मागायला येऊ नकोस, आणि तिच्याकडे तर अजिबात मागू नकोस. माफी मागितलीस की तिला कळेल. तुला तिच्यासमोर रडता येणार नाही, सॉरी म्हणता येणार नाही, तुझं ओझं तिथे उतरवता येणार नाही. ते तुझ्याकडेच राहील. माझं माझ्याकडे राहील. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांनी ताडपत्रीखालची चपटी झालेली नळी पाहिलेली नाही आणि ते पाहणार नाहीत.

गाडी तू स्वतः काप. सगळी. लहान तुकडे कर आणि भंगारात दे, एकाच ठिकाणी देऊ नकोस. ते झालं की अंघोळ करून, दाढी करून ये. तिला ग्रीसचा वास आवडतो, पण इथे चालत नाही.

चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर उजवीकडे. दुपारी जेवणानंतर ती तासभर जागी असते. तू आलास की मी आणि बाबा खाली कॅफेटेरियात जाऊ, तुमच्यात थांबणार नाही. ती तुला विचारेल. मला विचारलं तसंच विचारेल, कारण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. लगेच उत्तर दे. तिचे डोळे चांगले आहेत, क्षणभर थांबलास तरी तिला दिसेल.

म्हणून आरशासमोर उभा राहून "हो, टिकला" असं म्हणून बघ, चेहरा न हलवता म्हणता येईपर्यंत. तोपर्यंत येऊ नकोस. पण फार दिवस लावू नकोस, ती रोज दाराकडे बघते.

आई